आधी राख काढ

तुझा निरोप मिळाला. श्रद्धा उरली नाही, उमेद संपली, मनापासून काही होत नाही, म्हणून यापुढे मशिदीत, आपल्या सिनेगॉगात, येणार नाहीस. वाचून वाईट वाटेल असं तुला वाटलं असेल. मला राग आला. ज्याची श्रद्धा खरोखर गेली तो असा निरोप धाडत बसत नाही, तो मुकाट्याने यायचा बंद होतो आणि कोणी विचारलं तर विषय बदलतो. तुझी श्रद्धा जागच्या जागी आहे. दुखावला आहे तो तुझा मान. आणि मान दुखावला हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून तू त्याला मोठं नाव दिलंस.

हे मी तुला एकट्याला न लिहिता चारचौघांत लिहितो आहे. तुझं नाव यात येणार नाही. पण ठाण्यापासून अलिबागपर्यंत तुझ्यासारखी पोरं मला दिसतात. पहिल्या ठेचेला घरी बसतात आणि वर आपल्या घरी बसण्याला तत्त्वज्ञान चिकटवतात. त्यांचेही कान याच निमित्ताने उघडले तर बरं.

झालं काय होतं ते आधी नीट मांडू. पेसाह सणाच्या आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तू तेब्यावर, वाचनाच्या चौथऱ्यावर, उभा राहिलास. सेफेर तोरा, तोरेची हस्तलिखित गुंडाळी, समोर उघडलेला. त्यात स्वरचिन्हं नसतात, सुराच्या खुणा नसतात, वाक्य कुठं संपलं तेही दाखवलेलं नसतं. चर्मपत्रावर शाईने लिहिलेली नुसती व्यंजनं. वाचणाऱ्याने बाकी सगळं डोक्यात भरून यायचं असतं. त्यासाठी तिक्कुन असतं, एका रकान्यात खुणांसकट मजकूर आणि शेजारच्या रकान्यात सेफेरात दिसतो तसा बोडका. खुणांच्या रकान्यावर झाकण ठेव, बोडक्यावरून वाच, असं मी तुला सांगून सांगून थकलो. तू सोप्या रकान्यावरून बोट फिरवत राहिलास. परिणाम व्हायचा तोच झाला. दुसऱ्याच वाक्याला अडखळलास, मग पुन्हा, मग पुन्हा. अर्थ बदलणारी चूक झाली की वाचणाऱ्याला तिथंच थांबवायचं आणि तो शब्द पुन्हा वाचून घ्यायचा, हा नियम आहे. समोर पोरगा असो की मोठा विद्वान, त्यात सूट नाही. तुला थांबवलं ते त्या शब्दाच्या मानासाठी. तू ते स्वतःच्या अपमानाच्या खात्यावर लिहिलंस. मागच्या बाकावर कोणी तरी हसलं, हे खरं. हसणाऱ्यांना प्रार्थनेनंतर किद्दुशच्या वेळी मी काय सुनावलं ते त्यांनाच विचार. पण त्यांचं हसणं तुला घरी बसायचा परवाना देत नाही.

आणि तू वाचत काय होतास? हेच मला सगळ्यात जास्त लागलं. तोरेच्या साप्ताहिक पाठांपैकी पराशा 'त्साव', तिची पहिली आलिया, म्हणजे पहिला भाग. वेदीवरची आग रात्रभर पेटती ठेवायची, पहाटे पुरोहिताने तागाचे कपडे घालून वेदीवरची राख काढायची, ती वेदीच्या बाजूला ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर स्वच्छ जागी नेऊन टाकायची, आणि रोज सकाळी आगीवर नवी लाकडं रचायची. आग पेटती राहिली पाहिजे हे त्या मोजक्या ओळींत तीनदा सांगितलं आहे. तुझ्या ओठांवरून ते सगळं गेलं. कानात शिरलं नाही.

नीट बघ, क्रम काय आहे. सकाळचं पहिलं काम लाकूड घालण्याचं नाही, राख काढण्याचं आहे. काल जे जळून गेलं ते आधी हलवायचं. आपल्या आजीला हे कोणाला शिकवावं लागलं नसतं. चुलीतली राख न उपसता वर लाकडं कोंबत गेलं की घरभर धूर होतो आणि जाळ काही धरत नाही. तू त्या शब्बाथची राख मनात तशीच ठेवून बसला आहेस आणि जाळ लागत नाही म्हणून रडतो आहेस. उमेद म्हणजे कुठून तरी आपोआप येणारी झुळूक, अशी तुझी समजूत झालेली दिसते. तोरा तसं म्हणत नाही. तिथं आग टिकवणं हे कामाच्या यादीत आहे. कोणी, कधी, कोणते कपडे घालून, हे सगळं ठरवून दिलेलं. पुरोहिताला आज उत्साह वाटतो का, हे कोणी विचारत नाही.

जेरुसलेमच्या मंदिरात ते काम कसं चालायचं याचं वर्णन मिश्ना या जुन्या ग्रंथात आहे, ते ऐक. कोंबडा आरवायच्या सुमाराला तो एक माणूस निघायचा. हातात दिवा नाही, सोबत कोणी नाही. वेदीवरच्या आगीचा जो काय उजेड पडेल त्यात चालायचं. आधी हातपाय धुवायचे. ते पाण्याचं भांडं वर घेण्यासाठी बेन कातीन नावाच्या माणसाने लाकडी चाक बसवलं होतं. त्या चाकाचा आवाज येईपर्यंत बाकीच्यांना तो दिसायचा नाही की ऐकूही यायचा नाही. आवाज आला की ते समजायचे, पोचला. मग चांदीचं फावडं घेऊन तो वेदीवर चढायचा, निखारे दोन्ही बाजूंना सारायचा, आतली पूर्ण जळलेली राख फावड्यात घ्यायचा आणि खाली उतरायचा. यात पाहणारा कोणी नाही, वाहवा करणारा कोणी नाही, आणि मागून हसणाराही कोणी नाही.

या कामाला लोक नाकं मुरडत असतील असं वाटतं ना? उलट. सुरुवातीला ज्याला हवं त्याने राख काढावी अशी पद्धत होती, आणि इच्छुक इतके असायचे की वेदीच्या उतारावरून शर्यत लागायची. एकदा दोघं बरोबरीने धावत वर गेले, एकाने दुसऱ्याला ढकललं आणि त्याचा पाय मोडला. तेव्हा कुठं न्यायसभेने चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केली. राख उचलायला मिळावी म्हणून पाय मोडून घेणारी ती माणसं, आणि चारचौघांत एक शब्द पुन्हा वाचावा लागला म्हणून रुसून बसलेला तू. दोघंही एकाच तोरेचे वारसदार म्हणवता.

आता तुझ्या रुसण्याची किंमत कोणी भरली ते सांगतो. तू म्हणशील, मी एक न आल्याने काय बिघडतं. दहाजणांचं मिन्यान भरल्याशिवाय सेफेर बाहेर निघत नाही आणि गेलेल्यांसाठीचं कद्दिश म्हणता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. परवा आपल्यातले एक वृद्ध गृहस्थ बायकोच्या वर्षश्राद्धाला आले होते. पांढरा सदरा, हातात कद्दिशचा कागद. तो मराठी अक्षरांत लिहिलेला, कारण हिब्रू अक्षरं आता त्यांना दिसत नाहीत. आम्ही नऊ होतो. अर्धा तास वाट पाहिली. दोघांना फोन लावले, त्यातला एक फोन तुला होता. तू उचलला नाहीस. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि कोणाला काही न बोलता जिना उतरून गेले. तुझ्या श्रद्धेच्या संकटाचा हिशोब मांडताना त्या घडी घातलेल्या कागदाला कुठल्या रकान्यात टाकणार आहेस?

रब्बी आकिवाची गोष्ट तू माझ्याकडूनच ऐकली आहेस. चाळिशीत अक्षरओळख करून घेणारा धनगर, दगडावर पाणी ठिबकून पडलेला खळगा, वगैरे. ती गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण तिचा शेवट गोड वाटतो. पण त्यानंतर काय झालं ते कोणाच्या लक्षात राहत नाही. तालमुद सांगतो की आकिवाचे चोवीस हजार शिष्य होते. पेसाह आणि शावुओथ या सणांच्या मधल्या काळात ते सगळे मेले. कारणही दिलं आहे, त्यांनी एकमेकांचा मान राखला नाही. (मागच्या बाकावर हसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) शिक्षकाच्या जागी स्वतःला उभं करून बघ. आयुष्यभर राबून उभं केलेलं सगळं काही आठवड्यांत मातीत गेलं. जग ओसाड पडलं होतं, असंच तालमुदचं म्हणणं आहे. माझ्यासारख्या माणसाने त्यानंतर दाराला कडी लावली असती तर कोणी दोष दिला नसता.

आकिवा उठला आणि दक्षिणेकडे गेला. तिथं त्याला पाचजण मिळाले. मेईर, येहुदा, योसे, शिमोन आणि एलाझार बेन शम्मुआ. चोवीस हजारांना शिकवलं तेच त्याने पाचांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. आज मिश्ना उघडलीस तर पानोपानी हीच नावं दिसतात. तोरा टिकली ती या पाचांमुळे. मी हे शिक्षक म्हणून सांगतो आहे आणि मला यातलं ओझं कळतं. गेलेल्या शिष्यांची जागा दिसत असताना नव्या शिष्यासमोर तेच पहिलं अक्षर तितक्याच आस्थेने काढायचं, याला जिद्द म्हणतात. पहिल्या दिवसाचा उत्साह कोणालाही असतो. तो काही मिरवायची गोष्ट नाही.

या आकिवाचा शेवटही तुला ठाऊक आहे. रोमन लोखंडी फण्यांनी त्याचं अंग ओरबाडत होते आणि ती वेळ शेमाची, 'ऐक, इस्राएला' या प्रार्थनेची होती, म्हणून तो शेमा म्हणत होता. शिष्यांनी विचारलं, इथपर्यंत? तो म्हणाला की देवावर पूर्ण जिवाने प्रेम करण्याची आज्ञा कधी पाळता येईल याची मी जन्मभर वाट पाहत होतो. ती वेळ आली तेव्हा त्याला नवं काही शोधावं लागलं नाही. रोज दोनदा म्हणायची सवय होती तेच तोंडात आलं.

तोच शेमा कोकणात आपल्या वाडवडिलांच्या तोंडात राहिला. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ गेले. गुरू नाही, सेफेर नाही, आसपास आपलं म्हणावं असं कोणी नाही. पिढ्यानपिढ्या गेल्या, भाषा मराठी झाली, आडनावांत गावं आली. तरी सुंतेला शेमा, लग्नात शेमा, मरणाला शेमा. आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपला जात नव्हता. सगळा गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा. त्या तेल्याला कोणी विचारलं असतं की बाबा, शनिवारी का थांबतोस, तर त्याला शास्त्राधार देता आला नसता. धंद्याचा एक दिवस बुडत होता तो मात्र दर आठवड्याला बुडत होता. तो म्हणाला का, मला याचा अर्थ कळत नाही, मला आतून काही वाटत नाही, उद्यापासून घाणा सुरू? त्याने तसं म्हटलं असतं तर आज तू कुठल्या मशिदीवर रुसला असतास?

मशिदीवरून आठवलं. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये शमुएल एझेकिएल दिवेकरांनी बांधलेलं शार हारहमीम, आपली जुनी मशीद. तू तिथं फोटो काढून घेतले आहेस. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, त्यातून सुटले तर प्रार्थनास्थान बांधीन असं बोलले आणि बोलल्याप्रमाणे बांधलं. पण वास्तू उभी राहिली म्हणजे संपलं असं होत नाही, आत सेफेर हवा. तो आणायला ते कोचीनला गेले. तिथंच वारले. तू ज्या सेफेरापुढे पुन्हा उभं राहायचं नाही म्हणतोस, तसा एक सेफेर आणायला निघालेला आपला माणूस परत आला नाही. त्यांच्यानंतर ते दार बंद झालं नाही, कारण दुसरं कोणी तरी उठलं. नेहमी कोणी तरी उठलं, म्हणून आपण आहोत.

हाईम शमुएल केहिमकरांचं उदाहरणही तुला चुरचुरायला हवं. ज्यांनी १८७५ मध्ये आपल्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली तेच हे केहिमकर. त्यांनी आपला, बेने इस्राएलांचा, इतिहास लिहिला, १८९७ मध्ये हस्तलिखित तयार होतं. छापून आलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. केहिमकर तोवर हयात नव्हते. आज आपल्या रोज्यांची नि सणांची जुनी नावं कोणी विचारली तर आपण त्याच पुस्तकाकडे धावतो. ज्याच्या कामाला त्याच्या जन्मात दाद मिळाली नाही त्याच्या कामावर आपण बसलो आहोत. तुला एका सकाळीत दाद हवी होती.

अपमान म्हणतोस, तर खरा अपमान कसा असतो तेही ऐकून ठेव. आपली माणसं १९४८ नंतर इस्राएलला गेली. मायभूमी म्हणून गेली. तिथं १९६२ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आई-आजीच्या पिढ्या तपासा. म्हणजे कोकणात ज्यांनी शनिवार सोडला नाही त्यांनाच विचारलं गेलं, तुम्ही यहुदी कशावरून? मराठी बोलणाऱ्या त्या माणसांनी काय केलं? १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकापोरांसकट धरणं धरलं. शेवटी त्याच ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेला, क्नेसेटला, ठराव करावा लागला की हे सर्वार्थाने यहुदी आहेत, यांच्यात नि इतरांत फरक नाही. रब्बींवर ते चिडले, भांडले, त्यांना नावं ठेवली. ठेवावीच. पण रब्बी चुकले म्हणून देवाला सोडलं नाही. भांडण दारात उभं राहून केलं, दार सोडून नाही. तुलाही मागच्या बाकावरच्यांशी भांडायचं होतं तर किद्दुशला थांबून भांडायचं. मी तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो.

तुझ्या निरोपातला दुसरा मुद्दा, आता इथं उरलंय कोण. खरं आहे. एके काळी वीस हजारांच्या घरात असलेला समाज आज काही हजारांवर आला आहे. मोठमोठ्या प्रार्थनागृहांत मोजकी डोकी बसतात. मला हे दिसत नाही असं समजू नकोस, मोजदाद ठेवणारा मीच आहे. पण कमी उरलोत म्हणून एकेकाचा भार कमी होतो, हे गणित तू कुठून शिकलास? हजार होते तेव्हा एखाद्याला रुसणं परवडत होतं. नऊ असताना दहाव्याला ते परवडत नाही.

नुकताच तम्मूझ महिन्याचा सतरावा दिवस होऊन गेला. मोशेने दगडी पाट्या फोडल्या तो हा दिवस. त्या पाट्यांचे तुकडे फेकून दिले गेले नाहीत. ते कराराच्या कोशात नव्या पाट्यांच्या शेजारीच ठेवले, आणि वाळवंटभर खांद्यावरून वाहिले. पहिल्या पाट्या देवाने स्वतः घडवलेल्या होत्या. दुसऱ्यांचा दगड मोशेला स्वतः तासावा लागला. तुझी पहिली आलिया फुटली. ठीक आहे. दगड तासायला घे.

बिरड्याचा रोजा तोंडावर आला आहे. तिशा बेआवचा उपास, आपल्या जुन्यांनी त्याला नाव दिलं ते सोडताना खायच्या वालाच्या बिरड्यावरून. मंदिर जळालं त्याचं दुःख जगभरचे यहुदी त्या दिवशी जमिनीवर बसून करतात. त्या रात्री तू येणार आहेस आणि जमिनीवर बसणार आहेस. उत्साह वाटला नाही तरी चालेल, त्या रात्री तो कोणालाच वाटत नसतो.

लगेच पुढच्या शब्बाथला पराशा 'वाएथहन्नन' आहे. तिच्या सहाव्या आलियेची सुरुवात शेमाने होते. ती तू वाचायची. शेमाच्या ओळीत दोन अक्षरं मोठ्या आकाराने लिहिलेली असतात, पहिल्या शब्दाचं शेवटचं आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं, तिथं नजर अडते. ते आधीच सांगून ठेवतो. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तिक्कुन घेऊन घरी ये. खुणांच्या रकान्यावर लावायला जाड पुठ्ठा आणायचा, पातळ कागद चालणार नाही, तू त्यातून डोकावतोस. पहिल्या दिवशी चार ओळी, त्या बोडक्या रकान्यावरून बिनचूक झाल्याशिवाय पाचवी नाही. तेब्याजवळ मी स्वतः उभा राहीन आणि चुकलास तर मोठ्याने थांबवीन. तू तो शब्द पुन्हा वाचायचा आणि पुढे जायचं.

त्याआधी एक काम. त्या वृद्ध गृहस्थांकडे जा. त्यांचा पत्ता तुला ठाऊक आहे, तुमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. त्या शब्बाथला कद्दिश म्हणायला या, मिन्यान भरलेलं असेल, असं तू स्वतः सांगून ये. फोनवर नाही, दारात जाऊन. आणि तुझा धाकटा भाऊ आता तेरा पूर्ण झाला, त्यालाही सोबत आण, तो मोजणीत धरता येतो.